यजमान ठाण्यात, पाहुणे गुहागरात

कोकणात किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावात शिरलं की पहिली पाटी दिसते ती 'घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय' अशी. मुरूड-हर्णै असो, गणपतीपुळे असो की तारकर्ली; माडाला ठोकलेला पत्रा, त्यावर हाताने रंगवलेली अक्षरं आणि खाली मोबाईल नंबर. पाटीवाल्या घरात मालकाचं कुटुंब राहत असतं. ओटीवर आजी बसलेली असते, पाहुण्यांच्या चहाबरोबर घरच्यांचाही चहा उकळत असतो. गेल्या दहा-बारा वर्षांत याच घरांच्या शेजारी दुसऱ्या तऱ्हेची घरं उभी राहिली. त्यांना पाटी नसते, ती फोनवर दिसतात. मालक ठाण्याला, डोंबिवलीला नाहीतर कोथरूडला नोकरी करतो. आजोबांचं घर दुरुस्त करून किंवा गुंठा-दोन गुंठे घेऊन नवं बांधून ते शनिवार-रविवारी देतो, आणि बुकिंगचा मेसेज ऑफिसच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली वाचतो.

या अर्धवेळ यजमानकीबद्दल सध्या बरंच बोललं जातं आणि त्यातलं बहुतेक बोलणं 'बसल्या जागी उत्पन्न' या एका आमिषाभोवती फिरतं. उत्पन्न बसल्या जागी येतं हे खरं. पण दुसरीकडे कुणीतरी उभं असतं म्हणून. हिशेब, कायदा, पाहुण्यांचे अभिप्राय, गावाशी संबंध यांपैकी कुठूनही या प्रश्नाकडे बघितलं तरी शेवटी गाठ पडते ती एकाच गोष्टीशी: पाहुणा दारात येतो तेव्हा दार कोण उघडतं?

सुरुवातीला या व्यवसायात मालकच दार उघडत होता. एअरबीएनबीची जन्मकथा सगळ्यांना ठाऊक झाली आहे. सॅन फ्रान्सिस्कोत २००७ मध्ये एक परिषद भरली होती, हॉटेलं भरलेली होती, आणि ब्रायन चेस्की व जो गेबिया या दोन तरुणांनी घरभाडं भागवायला स्वतःच्याच बैठकीच्या खोलीत हवा भरायच्या गाद्या टाकून तीन पाहुणे ठेवले. पुढच्या वर्षी नेथन ब्लेचार्झिक त्यांना येऊन मिळाला आणि कंपनी उभी राहिली. आपल्याकडे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची न्याहारी-निवास योजनाही त्याच गृहीतकावर उभी होती: घरात जास्तीच्या खोल्या आहेत, घरचे लोक आहेत, सकाळी पोहे-आंबोळी होतातच, त्यात पाहुण्यांची भर. कंपनी वाढली तसं हे गृहीतक मागे पडलं. पाहुण्याला अख्खं घर हवं असतं आणि मालकाला घरात राहायचं नसतं, म्हणून बाजार तिकडे सरकला.

मग कायदे आले. वेगवेगळ्या देशांचे कायदे शेजारी ठेवून वाचले तर एक गंमत दिसते. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून नियम कडक केले: तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीने घर द्यायचं तर शहराकडे नोंदणी हवी, मालक त्या काळात घरात हवा, पाहुणे दोनपेक्षा जास्त नकोत. लंडनमध्ये अख्खं घर वर्षाला ९० रात्रींपेक्षा जास्त देता येत नाही. वर द्यायचं असेल तर नियोजन विभागाची वेगळी परवानगी लागते. जपानने २०१८ पासून १८० दिवसांची मर्यादा घातली आणि वर अट घातली की मालक हजर नसेल तर परवानाधारक व्यवस्थापकाकडेच घर सोपवायचं. बार्सिलोनाने तर हा खेळच मोडायचं ठरवलं. तिथल्या महापौरांनी २०२४ मध्ये जाहीर केलं की शहरातल्या दहा हजारांहून अधिक पर्यटक-सदनिकांचे परवाने २०२८ च्या अखेरीपर्यंत संपतील आणि पुन्हा दिले जाणार नाहीत. कारण सगळीकडे थोड्याफार फरकाने एकच: गावच्या माणसाला राहायला घर मिळेना आणि ज्याच्याकडे तक्रार करायची तो मालक सापडेना. यांपैकी मला जपानचा तोडगा सर्वांत शहाणपणाचा वाटतो. मालक गैरहजर असणार हे त्यांनी मान्य केलं, पण जबाबदार माणूस गैरहजर चालणार नाही असं सांगितलं.

आपल्याकडे चित्र विस्कळीत आहे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या होमस्टे योजनेत घरांना सुवर्ण आणि रजत अशा दोन श्रेणी मिळतात, खोल्या एक ते सहा, आणि मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहिलं पाहिजे ही अट. म्हणजे आपला ठाणेकर पहिल्याच ओळीत बाद. गोव्यात १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली भाड्याच्या खोल्यांनाही पर्यटन खात्याकडे नोंद करावी लागते. तिथे मालक कुठे राहतो यापेक्षा नोंद आहे की नाही हे आधी बघतात. महाराष्ट्रात पर्यटन संचालनालयाकडे अर्ज करता येतो, त्याला जोडायला घरपट्टीची पावती, असेसमेंटचा उतारा, ग्रामपंचायतीचा दाखला. कागद म्हणून हे काही अवघड नाही.

अवघड आहे ते उताऱ्यावरचं नाव. कोकणातलं घर म्हणजे सातबारावर आणि घराच्या उताऱ्यावर आजोबांपासून सगळे. एक काका बडोद्याला, एक आत्या नाशिकला, एका चुलतभावाशी वीस वर्षं बोलणं नाही. घर पडायला आलं होतं तेव्हा कुणी फिरकलं नाही. एकाने पदरचे सहा-सात लाख घालून कौलं बदलली, न्हाणीघर आत आणलं, पोर्टलवर चार चांगले फोटो टाकले, की भाऊबंदांना आपापला वाटा आठवतो. म्हणून रंगरंगोटीच्या आधी साध्या कागदावर का होईना, सगळ्यांच्या सह्यांची समजूत करून घेतलेली बरी: दुरुस्तीचा खर्च कुणाचा, भाडं कुणाचं, मे महिन्यात आणि गणपतीत घर कुणाचं. शेवटचा मुद्दा सर्वांत भांडणाचा. चाकरमानी गावी येतात ते याच दिवसांत आणि पोर्टलवर दर सर्वांत चढा असतो तोही मे महिन्यात. गणपतीत घर देऊच नये असं माझं मत आहे, आणि तिथे हिशेबाचा प्रश्नच आणू नये.

कराचं थोडक्यात. खोलीचं भाडं दिवसाला ७५०० रुपयांपर्यंत असेल तर सप्टेंबर २०२५ पासून त्यावर ५ टक्के जीएसटी आहे, त्यापुढे १८. यजमानाची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि त्याने नोंदणी घेतलेली नसेल, तर पोर्टलवरून झालेल्या बुकिंगचा हा कर पोर्टलच भरतं. प्राप्तिकरात मात्र अनेक जण चुकतात. घरभाड्याच्या उत्पन्नावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते हे त्यांनी ऐकलेलं असतं. पण चादरी, सफाई, न्याहारी अशा सेवा देऊन रोजच्या हिशेबाने दिलेल्या खोल्यांचं उत्पन्न बहुधा धंद्याचं धरलं जातं. तिथे ही वजावट नाही, प्रत्यक्ष खर्च दाखवायचा, म्हणजे पावत्या जपायच्या. जेवण देणार असाल तर अन्न परवान्याची साधी नोंदणी हवी. वीजजोडणी घरगुती चालेल की व्यावसायिक लागेल हे महावितरणच्या स्थानिक कार्यालयात आधीच विचारावं. परदेशी पाहुणा उतरला तर २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरणं बंधनकारक आहे; जर्मनीहून आलेला भाचा असला तरी पासपोर्ट परदेशी असेल तर नियम तोच. शहरातल्या फ्लॅटवाल्यांना याखेरीज सोसायटी नावाचं प्रकरण असतं. लिफ्टमध्ये दर शनिवारी नवे चेहरे दिसायला लागले की सर्वसाधारण सभेत तो विषय येणार म्हणजे येणार, आणि सभेआधी सेक्रेटरीशी बोलून ठेवलेलं नसेल तर यजमानाच्या बाजूने कुणी हात वर करत नाही.

आता पैशांकडे. समजा गुहागर-दापोलीच्या पट्ट्यात दोन खोल्यांचं घर आहे आणि अख्ख्या घराचा दर रात्रीला ५००० रुपये धरला. पावसाचे चार महिने सोडले तर शनिवार-रविवार उरतात पस्तीसएक. शुक्रवार आणि शनिवार मिळून सत्तर रात्री. त्यातल्या निम्म्या भरल्या तरी नव्या घराने समाधान मानावं. दिवाळी, नाताळ आणि मे महिना यांच्या मिळून पंचवीस रात्री. एकूण साठ रात्री, तीन लाख रुपये. त्यातून पोर्टलचं कमिशन १५ टक्के धरलं तर ४५ हजार गेले. घर बघणाऱ्या माणसाला महिना ८ हजार म्हणजे वर्षाला ९६ हजार. वीज आणि इंटरनेट ३० हजार. धुलाई आणि किरकोळ सामान रात्रीला ४०० प्रमाणे २४ हजार. डागडुजी ४० हजार, आणि ही मी हात आखडता घेऊन धरली आहे. बाकी उरले ६५ हजार. याच्यावर कर, आणि तुमच्या स्वतःच्या खेपांचं पेट्रोल.

महिन्याला साडेपाच हजारांसाठी कुणी एवढा उपद्व्याप करेल का? या आकड्याकडे दुसऱ्या बाजूनेही बघता येतं. घर बंद असतं तरी डागडुजी, वीजबिल, घरपट्टी आणि राखण यांचा लाखभर रुपये खर्च खिशातून गेलाच असता. आता तो घरानेच भागवला आणि वर थोडे पैसे सुटले. ज्यांचं घर आधीपासून आहे, कर्ज नाही आणि गावी जाणं-येणं होतंच, त्यांच्यासाठी हा व्यवहार शहाणपणाचा. बँकेचं कर्ज काढून, महिन्याचा हप्ता पाहुण्यांच्या जिवावर फेडायच्या हिशेबाने बंगला बांधणाऱ्यांसाठी हा जुगार आहे. जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या बागा आणि छपरं नेली तेव्हा आधीच कोरोनाने खोल्या रिकाम्या होत्या; हप्ते काही थांबले नाहीत.

वरच्या हिशेबात ९६ हजारांची जी ओळ आहे ती कापायचा मोह प्रत्येकाला होतो. कुलपाला नंबर लावायचा, पाहुण्याला तो पाठवायचा, गरजेपुरती सफाईवाली बोलवायची. लोणावळ्याच्या सोसायटीत हे कदाचित निभेल. कोकणात निभत नाही, का ते एखाद्या रविवारी बघावं.

अकराला एक कुटुंब निघतं, एकला दुसरं येणार असतं. घर बघणारी काकी आणि तिची सून मागच्या दाराने आत येतात. दोन्ही गाद्यांवर ओले टॉवेल टाकलेले असतात. ते उचलून गाद्या आधी उन्हात उभ्या करायच्या, कारण खाऱ्या हवेत ओल धरली की वास जात नाही. उशीच्या अभ्र्यावर काजळ, चादरीला सुरमईच्या तळणीचं बोट. बाथरूमच्या जाळीवर किनाऱ्याची वाळू साचलेली. ती पाण्याने ढकलली तर पुढे पाईपात बसते, म्हणून हाताने काढायची. चमचे मोजायचे, गॅसचं बटण बघायचं, पलंगाखाली वाकून बघायचं. तिथे पोराचा मोजा आणि कुणाचा तरी चार्जर हमखास असतो. पंप सुरू केला की वीज जाते. मग विहिरीवरून चार कळश्या. बारा वाजता फोन वाजतो.

"काकी, दुसरे पाहुणे निघाले बरं का."

"निघाले? आले पण. सहा जण म्हणाला होतास ना, नऊ आहेत. आणि एक कुत्रा."

"कुत्र्याचं काही बोलले नव्हते ते."

"मग आता काय त्याला बोलायला सांगू? मासे किती आणू ते बोल."

या अर्ध्या मिनिटात जे निर्णय झाले ते कुठलंही कुलूप घेऊ शकत नाही. तीन जास्तीच्या माणसांचे पैसे मागायचे की नाहीत, कुत्रा पडवीत बांधायचा की आत घ्यायचा, कोळणीकडे आता काय उरलं असेल, हे सगळं काकी ठरवते. नंतर पाहुण्याने लिहिलेला अभिप्राय वाचा. फोटोतल्या पलंगाचं कौतुक एका ओळीत असतं, बाकी सगळं काकींच्या हातच्या घावन्यांचं आणि त्यांनी मुलांना दाखवलेल्या विहिरीचं. एअरबीएनबीवर 'सुपरहोस्ट' व्हायला ४.८ गुणांची सरासरी लागते, ९० टक्के चौकश्यांना वेळेत उत्तर द्यावं लागतं आणि यजमानाने रद्द केलेली बुकिंगं १ टक्क्याच्या आत असावी लागतात. उत्तरं ठाण्यातून देता येतात. गुण मात्र काकी मिळवते आणि बिल्ला लागतो मालकाच्या फोटोवर.

म्हणून तिचा मोबदला हा या धंद्यातला कळीचा प्रश्न आहे, आणि त्यात आपले लोक फार कोते वागतात. रात्रीमागे दोनशे रुपये हातावर टेकवायचे, पावसात काम नाही म्हणून काहीच द्यायचं नाही, आणि मग 'हल्ली माणसं टिकत नाहीत' म्हणून तक्रार करायची. जिथे असं घर पाच-सात वर्षं नीट चालतं तिथे बहुधा तीन गोष्टी दिसतात. बारमाही ठरलेली रक्कम असते, पावसातसुद्धा. कारण पावसातच घर जास्त बघावं लागतं. जेवणाचे पैसे पूर्ण तिचे असतात. थाळीचा दर तिने ठरवायचा, मासे तिने आणायचे, मालकाने त्यात वाटा मागायचा नाही. मग जेवण आपोआप चांगलं होतं, कारण तो तिचा धंदा असतो. आणि नको वाटणारा पाहुणा नाकारायचा अधिकार तिला असतो.

हा शेवटचा अधिकार फार कामाचा आहे. बारा मित्रांचा ग्रुप, 'फॅमिली आहे' असं सांगून आलेला, डिकीत स्पीकर घेऊन. घाटमाथ्यावरच्या पोहण्याच्या तलाववाल्या बंगल्यांत याचा त्रास सर्वांत जास्त. तलाव हेच आकर्षण, अपघात होतात तेही तिथेच, आणि त्या वेळी घरात जबाबदार माणूस कुणी नसतो. तलाव बांधायचाच असेल तर तो चालू असेपर्यंत पोहता येणारा माणूस आवारात पाहिजे. ते परवडत नसेल तर तलाव नको. ग्रुपच्या बाबतीत बुकिंग घेताना फोनवर दोन मिनिटं बोललं तरी अर्धे प्रश्न मिटतात. कुठून येताय, सोबत कोण, किती वाजता पोचणार, जेवणात काय. ज्याला त्रास द्यायचा असतो त्याला हे प्रश्न आवडत नाहीत आणि तो स्वतःच दुसरं घर बघतो.

घराबद्दल एवढंच सांगण्यासारखं आहे की समुद्राकाठी जे कमी असेल ते जास्त टिकतं. एसीची बाहेरची पेटी खाऱ्या वाऱ्याने काही वर्षांत खाल्ली जाते. जांभ्याच्या भिंती आणि कौलं असतील तर उंच माळा, पंखा आणि चांगली मच्छरदाणी यांवर मार्चपर्यंत काम भागतं. एप्रिल-मे मध्ये एसी मागणाऱ्याला एक खोली पुरते. माकडांनी कौलं सरकवली की पहिल्या पावसात गळतं, म्हणून मे अखेरीला छपरावर माणूस चढवलाच पाहिजे. चादरींचे प्रत्येक पलंगामागे तीन जोड: एक पलंगावर, एक दोरीवर, एक कपाटात. गाद्या पावसाळ्यात प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवतात ते चूक. आत ओल कोंडते आणि सप्टेंबरात काळे ठिपके निघतात. फोनवर तोंडी घेतलेलं बुकिंग त्याच क्षणी पोर्टलच्या कॅलेंडरवर बंद करणं ही सवय लागली नाही, तर एकाच शनिवारी दोन कुटुंबं दारात उभी राहतात. असा शनिवार आयुष्यात एकदा तरी ज्याच्या वाट्याला आला नाही असा अर्धवेळ यजमान विरळा.

गावाच्या बाजूनेही या प्रश्नाकडे बघायला हवं, कारण मेमधलं विहिरीचं पाणी सगळ्यांचं असतं. नऊ पाहुणे दिवसातून दोनदा अंघोळ करतात तेव्हा शेजाऱ्याच्या रहाटाला दोर वाढवावा लागतो. प्लॅस्टिकच्या बाटल्यांचं काय करायचं हे ग्रामपंचायतीला कळत नाही, मालक तर रविवारी रात्री तिथे नसतोच. याच्या उलट उदाहरण मंडणगड तालुक्यातल्या वेळासचं. नाना फडणवीसांचं हे गाव आता कासवांसाठी ओळखलं जातं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाचवायचं काम सुरू केलं, आणि पुढे पिल्लं समुद्रात सोडण्याचा सोहळा बघायला लोक येऊ लागले. तिथे पाहुणे उतरतात ते गावकऱ्यांच्या राहत्या घरांत. ओटीवर गाद्या, स्वयंपाकघरातलं जेवण, उकडीचे मोदक. पिल्लांचा मोसम उन्हाळ्याच्या सुरुवातीचे दीड-दोन महिने. बाकी वर्षभर ती माणसं आपली शेती-बागायत करतात. खरे अर्धवेळ यजमान तेच, आणि घरात हजर असलेलेही तेच. कासव वाचलं तर पाहुणा येणार, हे गावाला वेगळं समजवावं लागत नाही.

शहरातला मालक वेळाससारखा होऊ शकत नाही, पण त्याच्या घरामुळे गावात काय घडतं हे त्याने बघायला हरकत नाही. पाच-सहा मोसम दुसऱ्याचं घर सांभाळलेल्या बाईला हा धंदा मालकापेक्षा जास्त कळायला लागतो. कुठला पाहुणा कुठल्या महिन्यात येतो, काय मागतो, काय दिलं की पुन्हा येतो, हे सगळं तिला पाठ असतं. राज्य सरकारच्या २०२३ च्या 'आई' धोरणात पर्यटन व्यवसायासाठी महिलांनी घेतलेल्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा आहे. तेव्हा काकीची सून एक दिवस म्हणते की मागच्या पडवीला दोन खोल्या काढू. ठाणेकर मालकाला ही बातमी पहिल्यांदा धोक्यासारखी वाटते. वास्तविक मोठा ग्रुप आला तर दोन्ही घरं मिळून घेता येतो, एकाचं बुकिंग चुकलं तर दुसऱ्याकडे पाठवता येतं, आणि न्याहारी एकाच चुलीवर होते. नोंदणीच्या बाबतीत तर सून मालकाच्या पुढेच आहे. घरात राहणाऱ्या मालकाची ती अट तिला काहीही न करता पूर्ण होते, आणि तिच्या उताऱ्यावर बडोद्याचे काकाही नाहीत.